एकोणीस सेकंदांत सुरू होणारं मंडळ

वेग हा आधुनिक संस्कृतीचा प्राण आहे आणि जो समाज वाट बघत बसतो तो मागे पडतो, असं प्रभुलिंग इंडे यांचं ठाम मत होतं. बत्तीस वर्षं ज्या सरकारी कचेरीत त्यांनी नोकरी केली, तिथं मात्र हे मत त्यांनी कुणाला ऐकवलं नाही. ऐकायला कुणाला वेळ नव्हता असं नव्हे. वेळ भरपूर होता, म्हणूनच ऐकवलं नाही.

मत उघड झालं ते निवृत्तीनंतर, आणि त्याला कारण झाल्या कडक भाकऱ्या. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात त्यांच्या पत्नी सिद्धेश्वरीबाई यांचा कडक भाकरीचा उद्योग चालायचा. आठ बायका, चार शेगड्या, आणि हॉलभर वाळत घातलेल्या भाकऱ्या. सोफ्यावर भाकऱ्या, टीव्हीच्या कपाटावर भाकऱ्या, आणि प्रभुलिंगांनी निवृत्तीसाठी म्हणून खास घेऊन ठेवलेल्या आरामखुर्चीत तर दीडशे भाकऱ्यांची चळत. निवृत्तीच्या पहिल्या दिवशी ते त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी बाल्कनीतही शेंगदाण्याची चटणी वाळत होती.

“अहो, उभेच आहात तर लेबलं तरी चिकटवा,” सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या.

त्यांनी चिकटवली. तासाभरानं आठांपैकी एक बाई म्हणाली, “सायबांची लेबलं वाकडी लागाल्यात.” बत्तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी वाकडं म्हटलं नव्हतं. पाहिलंच नव्हतं तर म्हणणार कोण?

चौथ्या दिवशी त्यांनी बाळीवेशीतल्या वधू-वर सूचक मंडळाचं मानद कार्यवाहपद स्वीकारलं. मानद म्हणजे बिनपगारी. पण तिथं हात असलेली एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर भाकरी नव्हती, आणि कार्यालयाची वेळ होती सकाळी दहा ते दुपारी दोन.

मंडळाची खोली पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती. खोलीत कार्यवाहांची खुर्ची, भिंतीला टेकवलेले दोन लांब बाक, एक लोखंडी कपाट आणि एक संगणक. तो संगणक मंडळाला पंधरा वर्षांपूर्वी देणगी मिळाला होता, आणि देणगी म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं होतं. देवळातल्या पंख्यावर, लग्नातल्या पातेल्यावर रंगवतात तसं त्याच्या डब्यावर लाल ऑइलपेंटनं तीन ओळींत रंगवलेलं होतं: ‘कै. बसलिंगप्पा शिवशरणप्पा हिप्परगी यांच्या पुण्यस्मरणार्थ सुपुत्र महादेवप्पा यांजकडून सप्रेम भेट’. महादेवप्पा हे मंडळाचे अध्यक्ष. त्यामुळे तो डबा बदलणं सोडाच, पुसतानासुद्धा लोक ओल्या फडक्यानं जपून पुसत.

आत मात्र पंधरा वर्षांचं पीठ साचलं होतं. बटण दाबलं की आधी गिरणीसारखा आवाज यायचा, मग पडदा निळा व्हायचा, मग काळा, मग पुन्हा निळा, आणि तेविसाव्या मिनिटाला वधू-वरांची यादी उघडायची. दुपारी एकदा लाइट जायची. मग पुन्हा पहिल्यापासून तेवीस मिनिटं. तोवर लांबून आलेली माणसं बाकांवर बसून राहायची. खालच्या चहाच्या टपरीवरचा अभिमन्यू चहा आणून द्यायचा. कोपऱ्यात काशम्मा बसलेल्या असायच्या. सगळे त्यांना काशक्का म्हणत. वय पंच्याहत्तरच्या पुढं. नातवासाठी मुलगी बघायला म्हणून त्या सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या होत्या; नातवाचं लग्न होऊन त्याला दोन मुलं झाली तरी त्या येतच होत्या. नव्या माणसाला बाकावर सरकून जागा द्यायच्या आणि म्हणायच्या, “कूड्री, कूड्री. बसा की वो. मिशन तापायला येळ हाय.”

प्रभुलिंगांना हे सगळं बघून लाज वाटायची. तेवीस मिनिटं! या तेवीस मिनिटांत जग कुठल्या कुठं जातं, आणि आपला समाज बाकावर बसून एकमेकांना मामाचं गाव विचारतो.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेआधी मंडळाची वार्षिक सभा झाली. तिच्यात धुळाप्पा कलशेट्टी उठले. धुळाप्पा ज्या संस्थेत सदस्य असत, तिथं ते उठत असत.

“अण्णा, माझं स्पष्ट मत आहे,” ते महादेवप्पांना म्हणाले, “ही खोली सोडून द्यावी. सगळे बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकावेत. इथं एवढा वेळ वाट बघायला आता कुणाला सवड आहे?”

“ग्रुपवर?” महादेवप्पा म्हणाले. “म्हणजे सकाळच्या सुविचारात मुली मिसळायच्या?”

“पण गेल्या वर्षी सोयरिकी किती जमल्या? एकतीस. एवढ्या मोठ्या समाजात एकतीस! कार्यवाहांनी सांगावं, कार्यालयाचा उपयोग काय?”

सगळ्यांनी प्रभुलिंगांकडं पाहिलं. प्रभुलिंगांच्या डोळ्यांपुढं आरामखुर्चीतली भाकऱ्यांची चळत उभी राहिली.

“दोष कार्यालयाचा नाही, वेगाचा आहे,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मत बाहेर पडलं, आणि बाहेर पडल्यावर चांगलं वाटलं. “संगणक फास्ट झाला तर पाडव्यापर्यंत दहा सोयरिकी जमवून दाखवतो.”

“संगणक बदलायचा नाही,” महादेवप्पा लगेच म्हणाले. “त्यावर अप्पा आहेत.”

“डब्याला हात लावणार नाही, अण्णा.”

“आतल्यालासुद्धा नाही. आतलंही त्यांच्याच नावानं दिलेलं आहे.”

“आतल्यालासुद्धा नाही.”

“ठीक आहे,” महादेवप्पा म्हणाले. “पाडव्यापर्यंत दहा. नाहीतर कुलूप.”

डब्याला हात न लावता, आतलं काही न काढता संगणक फास्ट कसा करायचा, हा प्रश्न घेऊन प्रभुलिंग दुसऱ्या दिवशी इंद्रजीतच्या दुकानात गेले. इंद्रजीत मूळचा टेंभुर्णीचा. नव्या पेठेत त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि टेबलावरचा अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह उचलून दाखवला.

“काका, आतल्याला हातच लावायचा न्हाय न्हवं? मग भायेरनं करू. ह्याच्यावर लिनक्स नावाची येगळी सिस्टीम टाकायची. ही पेन ड्राइव्ह मागं खोचायची. मिशन आतल्या जुन्या सिस्टीमला इचारतच न्हाय, सरळ हिच्यावरनं चालू हुतं. वीस सेकंदाच्या आत. काढून घेतली की जुनं हाय तसंच.”

“आणि याची किंमत?”

“पेन ड्राइव्हची काय ती. लिनक्स फुकट हाय.”

“फुकट?” प्रभुलिंगांनी आवाज खाली आणला. “मालक कोण आहे?”

“मालक न्हाय.”

“मग बिघडलं तर अर्ज कुणाच्या नावे करायचा?”

इंद्रजीतनं पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. “काका, तुमी नोकरीतनं सुटलाय, पण नोकरी तुमच्यातनं सुटंना झालीय. तुमचं तुमीच करून बघा की घरी. सोपं हाय. ही फाइल उतरवून घ्या आन पेन ड्राइव्हवर चढवा. आख्खं मंडळ खिशात घालून फिरा.”

घरी लेकीचा जुना लॅपटॉप होता. तो ठेवायला मात्र जागा नव्हती. शेवटी पिठाच्या डब्यावर पोळपाट उपडा घालून त्यावर ठेवला. प्रभुलिंगांनी फाइल उतरवून घेतली, लग्नाचे फोटो टाकतात तशी ती उचलून पेन ड्राइव्हवर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी मंडळात जाऊन पेन ड्राइव्ह संगणकाच्या मागं खोचला. बटण दाबलं. गिरणीसारखा आवाज आला, पडदा निळा झाला, काळा झाला, पुन्हा निळा झाला. तेवीस मिनिटं.

“आजूक तापंना व्हय?” काशक्कांनी कोपऱ्यातनं विचारलं.

इंद्रजीतला फोन केला तेव्हा तो हसला. “काका, तुमी बियाणाचं पोतं शेतात नेऊन ठिवलंय. पेरलं न्हाय. नुसती फाइल ठिवून भागत न्हाय, ती फोडून लिहाय लागती. त्येचं येगळं सॉफ्टवेअर हाय, त्येच्यानं लिवा. आन मिशन चालू करताना एफ-बारा दाबत ऱ्हावा, म्हंजे त्ये इचारतंय, कुटनं चालू हू म्हणून. जमलं की मग तितंच पेन ड्राइव्हला पयला नंबर देऊन टाका, रोज दाबायची कटकट नगं.”

मग त्यांनी ते लिहिलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. भोवती आठ बायका भाकऱ्या थापत होत्या आणि पट्टीकडं बघत होत्या.

“किती वेळ लागतो याला?” सिद्धेश्वरीबाईंनी विचारलं.

“सात मिनिटं. पण त्यानंतर संगणक वीस सेकंदांत सुरू होणार.”

“लोकांना काय कुठली गाडी पकडायची असते का तिथं?”

“तुला नाही कळायचं. वेग ही—”

“सरका जरा, तवा न्यायचाय.”

या वेळी खरोखरच जमलं. मंडळात एफ-बारा दाबून यादीतून पेन ड्राइव्ह निवडला आणि प्रभुलिंगांनी मनगटावरच्या घड्याळावर सेकंद मोजले. एकोणीस सेकंद. स्वच्छ पडदा, खाली छोटी चित्रं, मराठी अक्षरं अगदी जागच्या जागी. त्यांनी त्या दिवशी अकरा नव्या मुलामुलींची माहिती भरली आणि घरी जाताना हात असलेल्या खुर्चीवरून एकदा प्रेमानं हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती अकरा जणं नव्हती. पेन ड्राइव्हवरचं हे लिनक्स सगळं काम तात्पुरत्या स्मृतीत करायचं, आणि संगणक बंद करताना ‘जतन करू का?’ असं विचारायचं. प्रभुलिंगांनी नोकरीतल्या सवयीनं कुठल्याही प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं होतं. इंद्रजीतनं येऊन पेन ड्राइव्हवरच जतन करायची कायमची जागा करून दिली, जुनी यादीही तिथं उतरवली, आणि अकरा जणं पुन्हा भरली गेली. त्यांतल्या एकीची उंची दुसऱ्या वेळी दोन इंचांनी वाढली, पण त्याची तक्रार कुणी केली नाही.

मग रीतसर उद्घाटन झालं. महादेवप्पा आले, धुळाप्पा आले, इंद्रजीत आला, अभिमन्यूनं चहा आणायला सुरुवात केली. महादेवप्पांनी पेन ड्राइव्ह विड्याच्या पानावर ठेवला, त्याला विभूती लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, आणि नारळ फोडून पेन ड्राइव्ह प्रभुलिंगांच्या हातात दिला. प्रभुलिंगांनी तो खोचला. बटण दाबलं. जुना निळा पडदा आला.

“हेच का ते फास्ट?” धुळाप्पांनी विचारलं.

इंद्रजीतनं पेन ड्राइव्ह काढून डोळ्यांसमोर धरला. त्याच्या तोंडात अक्षतांमधला तांदळाचा दाणा अडकला होता. काशक्कांनी पदराची सेफ्टी पिन काढून दिली, दाणा निघाला, कुंकू फुंकून उडवलं, आणि पुन्हा बटण दाबलं. एकोणीस सेकंदांत पडदा उजळला. त्यावर प्रभुलिंगांनी आधीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘कै. बसलिंगप्पा शिवशरणप्पा हिप्परगी यांच्या पुण्यस्मरणार्थ’.

महादेवप्पांचे डोळे भरून आले. “अप्पा हयातीत इतक्या लवकर कधी उठले नाहीत,” ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. यादी उघडली होती. अभिमन्यूचा चहा अजून जिन्यातच होता. काशक्का पडद्याकडं बघत होत्या.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” प्रभुलिंग अभिमानानं म्हणाले.

“मंग आता?”

“आता यायचं, बघायचं आणि जायचं.”

“अस्सं,” काशक्का म्हणाल्या, आणि सेफ्टी पिन पदराला लावून उठून गेल्या.

पुढचे दोन महिने प्रभुलिंगांच्या आयुष्यातले सगळ्यात कार्यक्षम महिने होते. माणसं जिना चढून यायची, पहिल्या मिनिटात यादी बघायची, चार फोन नंबर लिहून घ्यायची आणि दहाव्या मिनिटाला खाली गिरणीपाशी असायची. पूर्वी दिवसाला सात कुटुंबं व्हायची, आता पंचवीस होऊ लागली. बाकांवर धूळ बसू लागली, म्हणजे पीठ बसू लागलं. अभिमन्यूनं दोनदा रिकामी किटली परत नेली आणि मग येणंच बंद केलं. काशक्काही आल्या नाहीत. प्रभुलिंगांनी मनात हिशेब केला: पंचवीस कुटुंबं, एका महिन्यात सहाशे. दहा सोयरिकी म्हणजे काहीच नाही.

पहिल्या महिन्यात एकही जमली नाही.

दुसऱ्या महिन्यात एक जमली. ती मुलं तीन वर्षं एकाच कंपनीत होती, त्यांचं आपसात ठरलं होतं, आणि घरच्यांना मंडळातर्फे जमल्यासारखं दिसावं म्हणून ती दोघं नाव नोंदवायला आली होती. प्रभुलिंगांनी ती हिशेबात धरली.

पाडव्याला पंचवीस दिवस उरले होते. एका सकाळी धुळाप्पा मुद्दाम जिना चढून आले, रिकाम्या बाकाकडं बघितलं, आणि “चालू द्या तुमचं फास्ट,” एवढंच म्हणून उतरले. त्याच दिवशी घरी सिद्धेश्वरीबाईंनी सांगितलं, “पुण्याची ऑर्डर वाढलीय. तुमचं ते कार्यालय बंद व्हायचं म्हणतायत ना? बरंच झालं. तुमच्यासाठी लेबलांचं टेबल लावून घेतलंय. स्टूल आहे.”

स्टुलाला हात नसतात.

दुसऱ्या दिवशी यादी नेहमीप्रमाणे एकोणीस सेकंदांत उघडली आणि कुणी आलं नव्हतं म्हणून प्रभुलिंगांनी लोखंडी कपाटातलं गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. त्यात जमलेल्या एकतीस सोयरिकींची नोंद होती, आणि शेवटच्या रकान्यात आधीच्या कार्यवाहांनी, अगदी बारीक अक्षरात, सोयरीक कशी जमली ते लिहून ठेवलं होतं. ‘बाकावर ओळख निघाली.’ ‘चहाच्या वेळी.’ ‘बाकावर.’ ‘लाइट गेली असता.’ ‘काशक्कांमार्फत.’ ‘बाकावर, भांडणातून.’ ‘लाइट दोनदा गेली असता.’ एकोणतीस नोंदी अशा होत्या. दोन ठिकाणी ‘नात्यातच’ असं होतं. प्रभुलिंगांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. ‘संगणकावरून’ असं एकाही ठिकाणी नव्हतं.

ते बाळीवेशीतल्याच बोळात काशक्कांच्या घरी गेले. काशक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या.

“काशक्का, हल्ली येत नाही?”

“यिऊन काय करू? बुड टेकेस्तवर तुजं मिशन तयार.”

“ते चांगलं नाही का?”

“आरं प्रभू, आदी गाव इचारायचं. मंग मामाचं गाव. मंग कुणाच्या लग्नात कुणाला जेवाय बोलावलं न्हाय, त्ये निगतं. त्येच्यावर जरा आवाज चढतो. मंग च्या येतो. च्या पिऊन झाला की पोरीचं नाव इचारायचं. एकोणीस सेकंदात माजं नुसतं पयलं गाव बी हुत न्हाय.” त्यांनी लसणीची पाकळी ताटलीत टाकली. “आन तुज्या पडद्यावर काय? उंची आन पगार. उंचीवरनं कोन भांडतंय?”

प्रभुलिंग परत आले. खोलीत कुणी नव्हतं. पेन ड्राइव्ह संगणकाच्या मागं बारीक लुकलुकत होता. एवढ्या वर्षांनी उघड बोलून दाखवलेलं एकुलतं एक मत, आणि ते त्या छिद्रात खोचलेलं होतं. दुसऱ्या बाजूला खुर्ची होती. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात टेकवला, वाकले, आणि पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला.

सकाळी दहाला त्यांनी जुन्या सिस्टीमवर बटण दाबलं. दोन महिने निजलेली सिस्टीम उठली ती अपडेट घेऊनच. पडद्यावर आलं: ‘काम चालू आहे. संगणक बंद करू नका.’ खाली टक्के. बाकाच्या एका टोकाला कुंभारीचं एक कुटुंब होतं: आई, वडील आणि अपेक्षा नावाची शिक्षिका मुलगी. दुसऱ्या टोकाला अक्कलकोटचे नवराबायको, गुरु नावाच्या मुलाचा फोटो घेऊन. मधे काशक्का.

“तुमचा संगणक फास्ट आहे म्हणून ऐकलं होतं,” कुंभारीचे गृहस्थ म्हणाले.

“अपडेट चालू आहे,” प्रभुलिंग म्हणाले.

हा शब्द कुणी पुढं विचारू नये असाच आहे. गृहस्थांनी मान डोलावली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. अभिमन्यूला खाली निरोप गेला.

चार टक्के झाले तेव्हा काशक्कांनी दोन्हीकडची गावं विचारून घेतली होती. अकरा टक्क्यांना अक्कलकोटच्या बाईंचं माहेर कुंभारीपासून दोन कोसांवरचं निघालं. एकोणीस टक्क्यांना कुंभारीच्या बाई म्हणाल्या, “म्हणजे वळसंगच्या लग्नात मठ्ठा संपला, त्या लग्नातले तुम्ही?”

“मठ्ठा संपला नव्हता,” अक्कलकोटचे गृहस्थ ताठ झाले. “वाढप्यानं आणला नव्हता.”

“आमची आख्खी पंगत मठ्ठ्यावाचून उठली वो!”

“कधीची गोष्ट ही? एकोणीस वर्षं झाली.”

“मठ्ठ्याला काय वर्षं असतात का?”

आवाज चढला. प्रभुलिंग खुर्चीतून अर्धे उठले. काशक्कांनी त्यांना हातानंच खाली बसवलं. चहा आला. चहा घेता घेता असं निघालं, की मठ्ठ्याचा हंडा ज्याच्या ताब्यात होता तो वाढपी दोघांचाही लांबचा भाऊबंद, आणि तो दोघांच्याही मते जन्माचा बेअक्कल. त्यावर दोन्ही गृहस्थ पहिल्यांदा हसले. त्रेपन्न टक्क्यांना काशक्कांनी अपेक्षाकडं वळून विचारलं, “तुला मठ्ठा आवडतो का गं?” एक्केचाळिसाव्या मिनिटाला अपडेट पुरा झाला आणि यादी उघडली, तेव्हा दोन्ही कुटुंबं रविवारचा बघण्याचा कार्यक्रम ठरवून जिना उतरत होती. यादीकडं कुणी पाहिलं नाही.

पुढचे बावीस दिवस प्रभुलिंग रोज दहाला बटण दाबायचे आणि “अपडेट” म्हणायचे. गिरणी खाली चालायची, पीठ वर यायचं, लाइट जायची. उन्हाचा कडाका वाढला तसा पंख्याखालचा बाक सोडवेनासा झाला. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दहावी सोयरीक लिहिली. रकान्यात लिहिलं: ‘बाकावर, लाइट गेली असता.’

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर महादेवप्पा आणि धुळाप्पा तपासणीला आले. महादेवप्पांनी रजिस्टरमधली नावं बोटानं मोजली. दहा.

“शाब्बास,” ते म्हणाले. “हे सगळं त्या पेन ड्राइव्हचं.”

प्रभुलिंगांनी शेवटच्या रकान्यावर हात ठेवून रजिस्टर मिटलं. रकान्यात वाचण्यासारखं पुष्कळ होतं.

“दाखवा तरी,” धुळाप्पा म्हणाले आणि मोबाइलवर सेकंद मोजायला लागले. प्रभुलिंगांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि खोचला. एकोणीस. महादेवप्पांनी वडिलांच्या नावाला हात जोडले.

धुळाप्पांनी पेन ड्राइव्ह काढून तळहातावर घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. “अण्णा, आख्खं मंडळ जर यात आहे, आणि हे जर कुठल्याही संगणकाला लावून चालतं, तर ही खोली कशाला? तुमच्या घरी संगणक आहे. हे तुमच्या खिशात राहील. दहा सोयरिकी याच्या, खोलीच्या नव्हेत.”

महादेवप्पा पेन ड्राइव्हकडं बघत होते आणि मुद्दा त्यांना पटत होता. प्रभुलिंगांना ते पटताना दिसत होतं. हात नसलेलं स्टूल त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. आता काशक्का, मठ्ठा आणि रकाना सांगावा, तर गेले बावीस दिवस आपण काय करत होतो तेही सांगावं लागणार. तेवढ्यात दुपारची लाइट गेली. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

“अण्णा,” प्रभुलिंग म्हणाले, “अप्पांचं नाव गेलं.”

“काय?”

“पेन ड्राइव्हमधलं नाव लाइट असेपर्यंतच दिसतं. लाइट गेली की अप्पाही जातात.” त्यांनी डब्याकडं हात केला. लाल ऑइलपेंटच्या तीन ओळी अर्धवट उजेडातही वाचता येत होत्या. “हे मात्र दिसतंय.”

महादेवप्पांनी डब्याकडं पाहिलं. मग धुळाप्पांच्या तळहातावर पाहिलं.

“यावर रंगवून घेता येईल,” धुळाप्पा घाईनं म्हणाले.

महादेवप्पांनी पेन ड्राइव्ह उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि खिशातलं पेन त्याच्या कडेला लावून बघितलं.

“‘कै. बस’ एवढंच बसतं,” ते म्हणाले. “लिंगप्पा कुठं लिहू? आणि मी सुपुत्र कुठं?”

धुळाप्पांनी मोबाइल खिशात घातला. “खोली राहील,” महादेवप्पा म्हणाले. “डबा राहील. प्रभुलिंग राहतील. आणि हे यंत्र मौल्यवान आहे, ते रोज वापरून झिजवू नका. कपाटात ठेवा.”

पेन ड्राइव्ह विभूतीच्या पुडीशेजारी कपाटात गेला आणि किल्ली महादेवप्पांकडं गेली. जून महिन्यात मंडळानं कार्यवाहांना मानपत्र दिलं. त्यात ‘अतिवेगवान संगणकप्रणालीचे प्रवर्तक’ असा उल्लेख आहे. मानपत्र सिद्धेश्वरीबाईंनी हॉलमध्ये लावलं. त्याच्या फ्रेमच्या वरच्या कडेवर सहा भाकऱ्या राहतात.

मंडळाचा वार्षिक अहवाल नुकताच छापून आला. यंदा जमलेल्या सोयरिकींची संख्या एकतीस आहे.